मुकादमाचा दोर

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाय. ही माझी तक्रार आहे आणि ती मी सगळ्यात आधी लिहिते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई मागून शहाणी झाली.

"आमच्या घरचे कड्यावर चढले की कमरेचा दोर सोडतात," हे मी खदानीच्या सेफ्टीवाल्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणले, "बाई, घरची भांडणं खदानीत आणू नका." सुरुंग उडवणाऱ्या रऊफभाईला सांगितलं. ते म्हणले, "मुकादम? ऐसा नक्को बोलो बाई, वो तो अपना एक नंबर आदमी है." माझ्या मैत्रिणीला, कांताला सांगितलं तर ती हसली. शेवटी सासूला सांगितलं. सासू म्हणली, "माझ्या पोराला नजर लावू नको!"

घ्या! कडा विहिरीसारखा खोल, खाली टोकदार दगडांची रास, आणि वाईट काय, तर माझी नजर!

आमची दगडाची खदान शेंद्र्याच्या पलीकडं आहे. कड्यावर उभं राहिलं की कंपन्यांचे पत्रे चमकताना दिसतात. मी आधी डोक्यावर पाट्या वाहायची. आता माझ्याकडं लाल झेंडा आणि शिट्टी आहे. सुरुंगाचा बार उडवायच्या आधी रस्ता अडवायचा, माणसं मागं हटवायची, हे माझं काम. सगळे मला शिट्टीबाई म्हणतात. हे तोंडावर. माघारी काय म्हणतात ते पण मला माहीत आहे.

खदानीतले किस्से म्हणजे दगडाचा चुरा. खडी ट्रकात बसून निघून जाते. चुरा कुणी मागत नाय, कुणी मोजत नाय, तरी संध्याकाळी बघावं तर त्याचाच ढीग सगळ्यात उंच! तसं माझं झालंय. कुणी विचारलेलं नसताना डोक्यात ढीग साचलाय.

आणि मला एक वाईट खोड आहे. एखादी गोष्ट कळली नाय की ती कळेपर्यंत मी तिच्या मागं लागते. खदानीत मला न कळलेली गोष्ट एकच. माणसाला विंचू दिसला की तो टुणकन उडी मारतो. आणि डोक्यावर लटकलेला दगड दिसला, की त्याच्याच सावलीत बसून भाकर खातो!

असं का? मी त्याच्या मागं लागले.

* * *

सेफ्टीवाले साहेब आमच्याकडं नवीन आले तेव्हा पहिल्याच दिवशी पिवळी हेल्मेटं वाटली. साहेब तरणे, चष्मेवाले, मनानं चांगले. म्हणले, "आजपासून डोक्यावर हे नसेल त्याला कड्याजवळ येऊ देऊ नका, बाई."

सगळ्यांनी घातली. राहिले सखाराममामा. मामा खदानीतले सगळ्यात जुने. डोक्याला लाल पटका, तो पण असला भरगच्च की त्यात एखादं कोकरू झोपावं. मामांनी हेल्मेट पटक्यावर ठेवलं. ते बसलं झाडावरच्या घरट्यासारखं. मामा वाकले की हेल्मेट खाली. उचललं, ठेवलं, वाकले, पुन्हा खाली. दगड फोडायचा सोडून मामा टोपीच वेचत बसले.

साहेब म्हणले, "मामा, पटका काढा."

मामांनी घण खाली ठेवला. "साहेब, पटका काढायचा तो मयतीत. कोण मेलंय?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मध्ये पडले. म्हणले, "मामा, पटका बी पाहिजे, हेल्मेट बी पाहिजे. उद्या येताना काहीतरी जमवून या. नाय जमलं तर मी सोडायची नाय आत."

दुसऱ्या दिवशी मामा आले. डोक्याला पटका, रोजच्यासारखा. फक्त आज जरा जास्तच गोल. मी झेंडा आडवा घातला. "हेल्मेट कुठाय?"

मामांनी माझ्या हातातली झेंड्याची काठी घेतली आणि स्वतःच्याच टाळक्यावर हाणली. टक्क!

आधी हेल्मेट घातलं होतं आणि त्याच्यावरून पटका बांधला होता!

* * *

भीमराव म्हणजे कांताचा नवरा. आमच्या खदानीत ट्रॅक्टर चालवतो. कांता आणि मी जोडीनं पाट्या वाहिलेल्या, त्यामुळं तिच्या घरातलं मला कळतं आणि माझ्या घरातलं तिला.

भीमरावचं हेल्मेट महिनाभर ट्रॅक्टरच्या सीटखाली पडलेलं. मी शिट्टी मारायची, तो घालायचा. मी पाठ फिरवली की पुन्हा सीटखाली. मग एकदम हेल्मेट गायबच. विचारलं तर म्हणला, "घरी आहे, बाई. जपून ठेवलंय."

मग कांतानं सांगितलं. भीमराव मोटारसायकलवर शहरात निघाला होता, काहीतरी सामान आणायला. क्रांती चौकात ट्रॅफिकवाले उभे असतात, म्हणून यानं खदानीतलं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टी गळ्याखाली आवळली, आणि निघाला ऐटीत. चौकात हवालदारानं बाजूला घेतलं.

"ही कसली टोपी रे?"

"सेफ्टीची आहे, साहेब. खदानीतली."

"ही गाडीवर चालत नसती. ही खदानीत घालायची."

"खदानीत न्हाय घालत, साहेब."

"का?"

"तिथं तुम्ही कुठं असता?"

कांता सांगता सांगता हसून लोळली. मी पण हसले. आमचे हे तर सगळ्यात जास्त हसले, मांडीवर थापा मारून. मी त्यांच्या कमरेकडं बघत होते. कसं सांगू, मला तेव्हाच शंका आली होती. दुसऱ्याच्या हेल्मेटावर जो माणूस एवढा हसतो, त्याचं स्वतःचं काहीतरी सीटखाली असतं!

* * *

आमच्या खदानीच्या तोंडाशी म्हसोबा आहे. शेंदूर लावलेला दगड. नवीन ठिकाणी सुरुंग लावायचा असला की आधी त्याला नारळ. तेव्हा सगळे बूट काढतात, हेल्मेट काढतात, हात जोडतात आणि तसेच उघड्या डोक्यानं, अनवाणी कड्यापर्यंत जातात. देवाचं काम आहे, देव बघून घेईल!

साहेब डोक्याला हात लावायचे. त्यांनी मला विचारलं, "बाई, हे लोक माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकत नाहीत. ऐकतात कुणाचं?"

मी म्हसोबाकडं बोट केलं.

साहेब हुशार. दुसऱ्या दिवशी बघते तर म्हसोबाला हेल्मेट! नवं कोरं, पिवळं, वर हळदीकुंकू. सखाराममामांनी स्वतःच्या हातानं नारळ फोडला. साहेबांनी छोटं भाषण केलं. "आता देवानंसुद्धा हेल्मेट घातलंय. मग आपल्याला काय अडचण आहे?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, एक कोडं सुटलं. माणूस देवाला बघून सुधरतो!

जेवणानंतर कड्याजवळ गेले तर एकाच्या पण डोक्यावर हेल्मेट नाय. सगळी हेल्मेटं ओळीनं म्हसोबासमोर ठेवलेली. शिट्टी मारून मारून माझे गाल दुखले. शेवटी भीमरावला धरलं.

"का रे? सकाळी तर टाळ्या वाजवत होतास!"

भीमराव कसनुसा झाला. "मी न्हाय, बाई, मी न्हाय मानत देवाबिवाला. पण हे सगळे म्हणायला लागले, देवानं जे डोक्यावर घेतलं ते आपण कसं घालायचं? त्याची बरोबरी होती. मग मी एकटाच कसा घालू?"

संध्याकाळी साहेबांनी म्हसोबाचं हेल्मेट गुपचूप उतरवलं. मी बघितलं. आधी हात जोडले, माफी मागितली, मग उतरवलं.

* * *

हा किस्सा भोंग्याचा.

बार उडवायच्या आधी भोंगा वाजतो. तो वाजला की सगळ्यांनी काम टाकायचं आणि लांब, पत्र्याच्या मोठ्या शेडखाली जायचं. सगळी माणसं शेडमध्ये आली की मी झेंडा हलवायचा, मग रऊफभाई बार उडवणार. रऊफभाई आमचे ब्लास्टर. लायसनवाले. सुरुंगाचं सामान, दोर, पट्टे सगळं त्यांच्या कोठीत, किल्ली त्यांच्या गळ्यात. माणूस एवढा सावध की चहा पिताना पण आधी फुंकर, मग बोट, मग घोट.

तर आमच्या खदानीत भोंगा वाजला रे वाजला की माणसं वाऱ्यासारखी शेडकडं पळायची. म्हातारी, तरणी, बायका, सगळी! साहेब खूश. दुसऱ्या खदानीतले साहेब बघायला आणले. म्हणले, "बघा, याला म्हणतात सेफ्टीची सवय. अंगात मुरली पाहिजे."

पाहुणे साहेब बघायला लागले. भोंगा वाजला. कुणी हललं नाय.

पुन्हा भोंगा. सखाराममामांनी मान वर करून शेडकडं बघितलं आणि पुन्हा घण उचलला. मी शिट्टी मारत पळाले, एकेकाला ढकलत आणलं. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी रऊफभाईला विचारलं, "आज काय झालं यांना? कुठं गेली यांची सेफ्टी?"

रऊफभाईनं शेडच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं चहावाला शंकर बसायचा, भोंग्याच्या टायमालाच त्याचा चहा उकळायचा. आज कोपरा रिकामा. शेगडी उलटी.

"साब," रऊफभाई म्हणले, "सेफ्टी आज साली के शादी में गई!"

साहेबांनी डोकं लावलं. त्या दिवसापासून भोंग्याचा चहा खदानीकडून. शंकरला सुट्टी पाहिजे असली तर आधी रऊफभाईला विचारायचं, नायतर बार बंद.

मला मात्र विचार पडला. माणूस मरणाच्या भीतीनं पळत नाय, चहाच्या वासानं पळतो. मग आमच्या घरच्यांना कशाचा वास दाखवू?

* * *

आता आमच्या घरच्यांचं.

हे मुकादम. बार उडाला की कड्यावर सैल दगड लटकत राहतात. कुणीतरी वरून दोर बांधून उतरायचं आणि पहारीनं ते पाडायचे, म्हणजे खालच्या माणसांना धोका नाय. हे काम सगळ्यात जोखमीचं, ते आमचे हे करतात. दुसऱ्याला सहसा करू देत नाहीत. वरच्या बाभळीच्या खोडाला दोर, दुसरं टोक कमरेला. साहेब खालून बघायचे आणि म्हणायचे, "मुकादमाकडं बघून शिका!"

सेफ्टी सप्ताहात यांना बक्षीस मिळालं. हार घातला, नाव माइकवर पुकारलं, प्रेशर कुकर दिला. घरी आणून माझ्यासमोर ठेवला आणि मिशीवर हात फिरवला.

त्याच आठवड्यात मी कपडे धूत होते. दोर बांधणाऱ्याचा सदरा कमरेला घासतो, काळा पडतो, विरतो. भीमराव एकदा चार दिवस यांच्या हाताखाली दोरावर होता तर कांता त्याच्या सदऱ्याला अजून ठिगळ लावतीय. आणि आमच्या यांचा सदरा? खांद्यावर घाम, पाठीवर माती, कमरेला कोरा! दुकानातून आणल्यासारखा!

मी झेंडा कांताच्या हातात दिला आणि मागच्या पायवाटेनं वर गेले. बघते तर दोर बाभळीला बांधलेला, खालचं टोक मोकळं लोंबतंय, आणि हे शेजारी एका फुटभर पायरीवर उभे राहून पहार चालवतायत. गाणं म्हणत!

"दोर?" मी म्हणले.

दचकले, पण हलले नाहीत. "कामात आडवा येतो."

"आणि साहेब खाली उभे असले की येत नाय का आडवा?"

"तेव्हा मी काम कुठं करतो? तेव्हा मी दोर दाखवतो!"

हे मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी मला काय उत्तरं दिली ते वर लिहिलंच आहे. बक्षीस मिळालेल्या माणसाची बायको खोटी, हे ठरलेलंच.

जेवताना मी विषय काढायची. हे म्हणायचे, "माझ्या बापानं जन्मभर दोराबिगर कडा फोडला."

मी म्हणायची, "व्हय, आणि शेवटी खाटेवरून उठवायला चार माणसं लागायची, ते इसरलात का?"

"दोर बैलाला बांधतात!"

"म्हणून एक तरी बैल कड्यावरून पडलेला ऐकला का?"

मग हे ताटावरून उठायचे. आणि तेवढ्यात चुलीशेजारी गॅसवर तो बक्षिसाचा कुकर शिट्टी मारायचा. मला असा राग यायचा त्या कुकरचा! त्याला बिचाऱ्याला तरी सेफ्टीचा व्हॉल्व्ह आहे.

* * *

एकदा खदानीत सैल दगड घरंगळला. खाली माणसं होती. कुणीतरी ओरडलं, "अरे पळ!" आता पळ कुणी? सगळेच पळाले. दोघं एकमेकांवर आदळले, एकाचा दात गेला. दगड भलतीकडंच पडला.

साहेबांनी ट्रेनिंग ठेवलं. म्हणले, "धोका दिसला की अरे, अगं, अहो, बाबा, काही ओरडायचं नाही. ज्याला धोका आहे त्याचं नाव घ्यायचं. नाव ऐकलं की माणूस आधी हलतो आणि मग विचार करतो."

पटलं सगळ्यांना. गडी एकमेकांची नावं ओरडून मोकळे झाले. मग बायकांची पाळी आली. आमच्यात नवरा-बायको जोडीनंच कामाला, म्हणून साहेबांनी नवऱ्यांना कड्याखाली उभं केलं आणि बायकांना म्हणले, "हं, घ्या नाव."

सगळ्या बायका पदर तोंडाला लावून गप्प!

साहेब पुण्याकडचे. त्यांना कळंना. मी समजावून सांगितलं, "साहेब, नवऱ्याचं नाव नसतं घ्यायचं."

"लग्नात घेता की!"

"ते उखाण्यात. राव लावून, लाजून. असं ओरडून नाय."

खरं सांगते, मला आईनं सांगितलेलं, नवऱ्याचं नुसतं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. त्यामुळं लग्न झाल्यापासून मी कधी घेतलं नाय. घरचे म्हणते, मुकादम म्हणते, पोरीचे बाप म्हणते. या कागदावर पण अजून आलेलं नाय, बघा पाहिजे तर.

कांता पदर खोचून पुढं झाली. "आमच्यात न्हाय असलं काही. मी घेते की!" खाली भीमराव छाती काढून उभा. कांतानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. घसा खाकरला. आणि म्हणली काय?

"पिवळ्या पिवळ्या हेल्मेटला काळी काळी पट्टी,
दगड आला भीमराव, आता आपली कट्टी!"

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. साहेब म्हणले, "बाई, पहिली ओळ संपायच्या आत भीमराव गेले!"

मग माझी पाळी. आमचे हे खाली उभे, मिशीतल्या मिशीत हसत. मी काय केलं? शिट्टी काढली आणि जोरात फुंकली.

साहेबांनी मान हलवली. "शिट्टी सगळ्यांसाठी असते, बाई. नाव एकासाठी."

"साहेब, ज्या दिवशी खरंच लागंल त्या दिवशी घेईन."

खालून हे ओरडले, "घेतलं तर घरात घेणार नाय!"

पुन्हा सगळे हसले. मी घरी जाईपर्यंत एकाच गोष्टीचा विचार करत होते. दोर सोडला की आयुष्य कमी होत नाय आणि बायकोनं नाव घेतलं की होतं. हे ठरवलं कुणी?

* * *

आता शेवटचा.

उन्हाळ्याचे दिवस. दुपारी बार उडाला, धूळ बसली, हे वर गेले. साहेब त्या दिवशी कंपनीच्या मीटिंगला शहरात. म्हणजे दोर दाखवायला कुणी नाय. मी खाली झेंडा घेऊन उभी. वर बघितलं तर बाभळीचा दोर मोकळा लोंबतोय, आणि हे त्याच्यापासून हातभर लांब, आपल्या त्या पायरीवर.

यांच्या डोक्याच्या वर, कपारीतून मुरूम सांडायला लागला. बारीक, पिठासारखा. पीठ सांडायला लागलं की मागून दगड येतो, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक.

मी शिट्टी मारली. शिट्टी ऐकून खालची सगळी माणसं शेडकडं पळाली. हे तिथंच. शिट्टी खालच्यांसाठी असते, हेच यांनी धरलेलं.

"अहो!" मी ओरडले.

भीमरावनं मागं बघितलं. सखाराममामांनी बघितलं. चहावाल्या शंकरनं पण बघितलं. यांनी बघितलं नाय!

"अहो! अहो मुकादम!"

तेवढ्यात कपार सुटली. दगड यांच्या खांद्याला घासून गेला आणि त्याच्यामागं हे. कड्यावरून घसरत, पहार एकीकडं, हेल्मेट एकीकडं. आदल्याच दिवशी भीमरावनं तिथं चढण करायला ट्रॅक्टरनं चुऱ्याचा ढीग टाकला होता. त्या ढिगात हे कमरेपर्यंत रुतले. म्हणून आज मी हे हसत लिहितेय, नायतर लिहिलंच नसतं.

पाय मोडला. भीमरावनं शहरात नेलं, प्लास्टर घातलं. शुद्धीवर आल्या आल्या यांचं पहिलं वाक्य काय? "दोर तुटला."

साहेबांनी फोनवरूनच सांगितलं, वरच्या कुठल्याच वस्तूला हात लावायचा नाय, चौकशी होणार. मोठ्या ऑफिसातून मोठे साहेब आले. शेडखाली खुर्च्या मांडल्या. आमचे हे एका खुर्चीत, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. सासू मागं उभी. सगळी खदान भोवती.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय झालं, मुकादम?"

"दोर तुटला, साहेब. कुजका होता."

"दोर कुणाच्या ताब्यात असतो?"

सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. रऊफभाई. गळ्यात कोठीची किल्ली. ते उभे राहिले. ज्या माणसाचा आवाज बार उडवताना शेंद्र्यापर्यंत जातो, त्याचा आवाज आमच्यापर्यंत येईना.

"साब, रस्सी नया था. मैंने खुद देखके दिया था."

"बाकीचे काय म्हणतात? तुम्ही सगळे तिथंच होता ना?"

सगळ्यांनी खाली बघितलं. मामांनी बुटाकडं, भीमरावनं जमिनीकडं, कांतानं पदराच्या टोकाकडं. उद्या कामावर कुणाला घ्यायचं ते मुकादम ठरवतो. आणि रऊफभाईचं लायसन गेलं तर परवा दुसरा ब्लास्टर येईल. हिशोब सगळ्यांना कळला.

यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांनीच सांगितलं, गप्प बस.

मी पुढं झाले. "साहेब, दोर तुटला नाय. बांधलेलाच नव्हता."

"बाई," आमचे सेफ्टीवाले साहेब हळूच म्हणले, "तुम्ही नक्की..."

"मागच्या वेळी सांगितलं तेव्हा विश्वास नाय ठेवला. आता मला विचारूच नका. वर बघा."

सगळ्यांनी शेडमधून वाकून वर कड्याकडं बघितलं. बाभळीला दोर तसाच बांधलेला. आख्खा. खालचा फास पण तसाच, वाऱ्यावर हलत होता. हे पडले त्या दिवसापासून तो तिथंच होता, पण त्या दिवसापासून सगळे खालीच बघत होते.

रऊफभाई खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "मग चूक कुणाची?"

"यांची," मी म्हणले.

"यांची म्हणजे? इथं पंचवीस माणसं आहेत, बाई. नाव घ्या."

"आमच्या घरच्यांची."

"नाव."

शंकरची शेगडी तेवढी फुरफुरत होती. सासूनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली, नको, नको. हे खुर्चीत ताठ झाले. कांता माझ्या कानाशी आली, "उखाण्यात घे गं! राव लाव आणि मोकळी हो!"

मी सेफ्टीवाल्या साहेबांकडं बघितलं. शिट्टी गळ्यातून काढली आणि टेबलावर ठेवली. मग यांच्याकडं वळले आणि, राव न लावता, कडा घुमंल असं ओरडले,

"कडुबा!"